हात तर आधीच मागे आला, मग दुखतं कशासाठी?

तापलेल्या तव्याला बोट लागतं तेव्हा काय घडतं, ते जरा संथगतीने पाहू. कातडीतून निघालेला संदेश हातातून मेरुरज्जूपर्यंत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या जाड दोरीपर्यंत पोहोचतो. तिथूनच, मेंदूला न विचारता, दंडाच्या स्नायूंना हुकूम सुटतो आणि हात मागे येतो. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मेंदूकडे निघालेली बातमी तेव्हा अजून वाटेतच असते.

ही बातमी नेणारे तंतू दोन जातींचे आहेत. जलद तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात, त्यांच्यामुळे पहिली सुईसारखी चुणूक जाणवते. दुसरे तंतू संथ. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. बोटापासून मानेपर्यंत पाऊण मीटर अंतर धरलं, तरी तेवढ्यासाठी त्यांना साधारण ०.४ सेकंदापासून दीड सेकंदापर्यंत वेळ लागतो. खरी जळजळ, डोळ्यांत पाणी आणणारी आग, ती या संथ तंतूंची. ती सुरू होते तेव्हा बोट तव्यापासून केव्हाच दूर आलेलं असतं.

मग ती आग कशासाठी? हात वाचवायचं काम तर झालंय.

सध्या हा प्रश्न दोन बाजूंनी ऐरणीवर आला आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या परिषदेत शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी एक जाहीरनामा काढला. सस्तन प्राणी आणि पक्ष्यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे, आणि मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, ऑक्टोपस, खेकडे-कोळंबी, अगदी कीटक यांच्या बाबतीतही ती शक्यता गांभीर्याने घ्यायला हवी, असं त्यात म्हटलं आहे. दुसरीकडे, फोनमधले चॅटबॉट ‘मला वाईट वाटलं’ असं बिनदिक्कत लिहू लागले आहेत. कोणाला खरंच काही वाटतं हे ठरवायचं, तर आधी हे ‘वाटणं’ जगात आलं कशासाठी, ते समजून घ्यावं लागतं.

शुद्ध, भान आणि जाणीव

मराठीत यासाठी शब्दांची चंगळ आहे, त्यामुळे घोळही होतो. ऑपरेशननंतर पेशंट ‘शुद्धीवर आला’ म्हणजे जागा झाला. गाणं ऐकताना ‘भान हरपलं’ म्हणजे स्वतःकडचं लक्ष सुटलं. या लेखात ‘जाणीव’ म्हणजे याहून साधी आणि मूलभूत गोष्ट: आतून काहीतरी वाटणं. फ्रिजला तापमान मोजता येतं आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंदही करता येतो, पण फ्रिजला गार वाटत नाही. तुम्हाला वाटतं.

‘मी कोण’, ‘मेल्यावर काय’ असले विचार हे या इमारतीचे वरचे मजले. त्यांच्यासाठी बहुधा भाषा आणि मोठा मेंदू लागतो. तळमजला मात्र दुखणं, तहान, ऊब, घाबरणं, गोड लागणं यांचाच आहे. उत्क्रांतीचा प्रश्न या तळमजल्याचा आहे. वरच्या मजल्यांपासून सुरुवात केली की जाणीव ही फक्त माणसाची मिरास वाटू लागते.

वेल्लोरचे हात

वेदना काढून घेतली तर काय होतं, याचं सर्वांत बोलकं उत्तर भारतातच मिळालं. १९४६ साली शल्यविशारद पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस सडत जातं, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. आनंदवनामुळे हा आजार मराठी वाचकाला परका नाही, पण ही समजूत आपल्याकडेही खोल रुजलेली होती. ब्रँड यांना दिसलं ते वेगळंच. जंतू शरीराच्या थंड भागांतल्या, म्हणजे हात, पाय आणि चेहऱ्यातल्या नसा मारतात. नस मेली की दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की माणूस स्वतःच्या हाताला इजा करत राहतो.

गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवताना तुमची-आमची बोटं ठरावीक जोरापर्यंतच जातात, पुढे कातडी ओरडते आणि आपण थांबतो. बधिर बोट थांबत नाही. हाडापर्यंत कापत जातं आणि किल्ली फिरते. चुलीवरचं भांडं उचललं जातं, फोड येतो, फुटतो, त्याच हाताने दुसऱ्या दिवशी कुदळ धरली जाते. काही रुग्णांची बोटं तर एका रात्रीत कमी झालेली आढळत. झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जागच येत नव्हती. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरं देण्यात आली.

पायाचं गणित आणखी सूक्ष्म आहे. लांब चालताना आपण नकळत चाल बदलत असतो: टाचेवरचा भार थोडा कडेला, मग थोडा चवड्यावर. तळव्याची बारीक कुरकुर हे करवून घेते. बधिर पाय हजारो पावलं त्याच एका जागेवर टाकतो. तिथली कातडी आतून सुजते, मरते आणि व्रण होतो. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात तेव्हा नेमकं हेच घडतं. म्हणून डॉक्टर सांगतात की रोज रात्री तळवे आरशात पाहा, चप्पल घालण्याआधी ती झटका आणि आत हात फिरवा, अंगणातसुद्धा अनवाणी जाऊ नका, पाण्याचा गरमपणा पायाने तपासू नका. दुखण्याचं काम इथे डोळ्यांना करावं लागतं, आणि डोळे दिवसातून एकदाच पाहतात.

ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी अभियंत्यांच्या मदतीने कृत्रिम वेदना बनवायचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारे सेन्सर बसवले आणि दाब वाढला की कानात आवाज होईल अशी सोय केली. रुग्णांना आवाज ऐकू यायचा, त्याचा अर्थही ठाऊक असायचा, तरी हातातलं काम अर्धवट असेल तर ते तसेच रेटत. मग शरीराच्या जिथे संवेदना शाबूत आहे अशा भागाला विजेचा झटका देऊन पाहिलं. तेव्हा रुग्ण काम करण्यापुरतं यंत्र बंद करायचे आणि काम झालं की पुन्हा चालू करायचे. अखेर हा प्रकल्प गुंडाळावा लागला.

जाणीव कशासाठी, याचं मला पटणारं उत्तर या फसलेल्या हातमोज्यात आहे. माहिती पुरेपूर होती, कळत होतं, पण वळत नव्हतं. खऱ्या वेदनेला बंद करायचं बटण नसतं आणि ती बाजूला उभी राहून सल्ला देत नाही. तुमची सगळी कामं थांबवून ती ‘आधी मी’ म्हणते. उलट बाजूने पाहा. मेंदूच्या काही विशिष्ट इजांनंतर रुग्ण ‘हो, दुखतंय’ असं सांगतात, पण त्याचं त्यांना काहीच वाटत नाही. टोचलं तरी हसतात, हात मागे घेत नाहीत. माहिती आणि तिचं जिव्हारी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसतं.

दहा गरजा, पंचेचाळीस सौदे

तव्याजवळचं काम सोपं होतं: एक धोका, एक हालचाल. त्यासाठी मेरुरज्जू पुरतो. प्राण्याचं आयुष्य मात्र असं एकेरी नसतं. उन्हाळ्यात पाणवठ्याकडे निघालेलं हरीण घ्या. घसा कोरडा आहे, वाऱ्यावर बिबट्याचा वास आहे, मागचा पाय दुखावलाय, पाडस मागे राहिलंय. प्रत्येक गरजेची वेगळी प्रतिक्षिप्त क्रिया असेल, तर एक पुढे ओढेल आणि दुसरी मागे. तहान पाण्याच्या तुटीत मोजली जाते, धोका वासाच्या तीव्रतेत, जखम सुजेत. यांची बेरीज-वजाबाकी कशी करायची?

पैसा नसलेल्या आठवडी बाजारात हीच अडचण असते. ज्वारीच्या बदल्यात मडकी किती, मडक्याच्या बदल्यात मीठ किती, मिठाच्या बदल्यात सुतळी किती, असा प्रत्येक जोडीचा भाव ठरवावा लागतो. दहा वस्तू असतील तर ४५ भाव, वीस असतील तर १९०. एक चलन आलं की दहा वस्तूंचे दहा भाव पुरतात, आणि उद्या अकरावी वस्तू आली तर आणखी एकच. बरं वाटणं आणि वाईट वाटणं हे शरीराचं असं चलन आहे. तहान, भीती, ठणका, माया या सगळ्या गोष्टी ‘किती नकोसं, किती हवंसं’ या एकाच मापात उतरतात आणि मग तुलना करता येते. या बाजाराला जागाही एकच लागते. हरणाला पाय एकाच दिशेने टाकायचे असतात, म्हणून डोळे, नाक, पोट आणि पाय यांच्या बातम्या एका मंचावर याव्या लागतात. मेंदूतल्या अशा सामाईक मंचाची कल्पना बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडली आणि आज ती जाणिवेच्या प्रमुख सिद्धांतांपैकी एक आहे.

असे सौदे प्राणी खरंच करतात का? रॉबर्ट एलवूड यांनी बेलफास्टमध्ये रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांना शंखाच्या आत विजेचे सौम्य झटके दिले. शंख आवडीच्या जातीचा असेल तर खेकडे तो सहजी सोडत नव्हते, कमी आवडीचा असेल तर लवकर सोडत. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाच्या दर्जाने फरक पडला नसता.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात २०२२ मध्ये बंबलबी या केसाळ, जाडसर माश्यांवर असाच प्रयोग झाला. काही पेले साधे होते, काही ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवलेले, आणि त्यांचे रंग वेगळे. दोन्हींत ४० टक्के साखरेचं पाणी असताना माश्या तापलेले पेले टाळत. साध्या पेल्यांतली साखर कमी केली तशा त्या तापलेल्या पेल्यांवर जाऊ लागल्या. रंग लक्षात ठेवून त्या हे करत होत्या, म्हणजे चटका आणि गोडी यांचा हिशेब पायाच्या टोकाला न होता डोक्यात होत होता. मधमाशीच्या मेंदूत जेमतेम दहा लाख चेतापेशी असतात, माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी.

हिशेब होतो म्हणजे माशीला ‘वाटतं’च, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. मात्र वाटणं ज्या कामासाठी उपयोगी पडेल, ते काम तिथे चालू आहे.

मधली शांतता

जाणिवेचा दुसरा उपयोग शिकण्यात दिसतो, आणि तो मोजताही आला आहे. एक आवाज ऐकवायचा आणि डोळ्यावर हवेची फुंकर मारायची, असं पुन्हा पुन्हा केलं की काही वेळाने नुसत्या आवाजानेही पापणी मिटते. फुंकर येईपर्यंत आवाज चालू ठेवला, तर हे शिकायला जाणिवेची गरज पडत नाही. आता एक छोटा बदल करा. आवाज थांबवा, अर्धा ते एक सेकंद शांतता जाऊ द्या आणि मग फुंकर मारा. रॉबर्ट क्लार्क आणि लॅरी स्क्वायर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ‘आवाजानंतर फुंकर येते’ हे ज्यांच्या ध्यानात आलं होतं, त्यांच्याच पापण्या हा दुसरा धडा शिकल्या. बाकीच्यांच्या शिकल्या नाहीत.

कारण असं, की मधल्या शांततेत कान किंवा पापणी यांच्याकडे धरून ठेवण्यासारखं काही उरत नाही. गेलेली गोष्ट कोणीतरी मनात जिवंत ठेवावी लागते. जंगलात कारण आणि परिणाम क्वचितच चिकटून येतात. फांदी मोडल्याचा आवाज येतो, मग शांतता, मग झडप. विषारी फळ खाल्लं जातं आणि मळमळ तासाभराने येते.

तव्यानंतरच्या त्या उशिराच्या आगीचं काम इथे लागतं. ती हात मागे घ्यायला आलेली नसते. पुढचे चार दिवस बोट जपायला, त्यावर भार न टाकायला आणि पुढच्या वेळी तव्याशी सांभाळून वागायला ती भाग पाडते. अशी आग ज्यांना कधीच जाणवत नाही अशी माणसंही असतात. SCN9A नावाच्या एका जनुकातल्या बिघाडाने हे होतं, आणि २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून ते उघड झालं. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा: दंडातून सुरी आरपार, निखाऱ्यांवर चालणं. छपरावरून उडी मारल्याने तो चौदा वर्षांचा होण्याआधीच वारला. त्याच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. ‘पुढच्या वेळी सांभाळ’ असं आतून सांगणारं कोणी त्याला नव्हतं.

भाकरी थापताना जाणीव कुठे जाते?

पहिल्यांदा भाकरी थापणाऱ्याचं सगळं लक्ष तळहातात असतं. पीठ किती ओलं आहे, कड फाटतेय का, परात फिरवायची की हात, हे सगळं त्याला जाणवतं आणि सगळंच चुकतं. वर्षभराने तीच व्यक्ती गप्पा मारत थापते आणि हात आपोआप फिरतात. मात्र एके दिवशी पीठ जुनं निघून चिरा पडू लागल्या की गप्पा थांबतात आणि लक्ष परत परातीत येतं.

म्हणजे सवयीचं काम जाणिवेशिवाय जास्त चांगलं होतं. नवं, अनिश्चित, अडलेलं काम आलं की तिला बोलावणं जातं. मेंदूची रचनाही हेच सांगते. आपल्या ८,६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी मागच्या लहान मेंदूत, अनुमस्तिष्कात आहेत. सराईत हालचालींची सफाई त्याच्याकडे असते. तो जन्मतःच नसलेली माणसं आढळली आहेत. त्यांचा तोल जातो, बोलणं अडखळतं, पण जाणीव शाबूत असते. तेव्हा नुसत्या पेशींच्या संख्येने जाणीव येत नाही, पेशी कोणत्या कामाला जुंपल्या आहेत ते महत्त्वाचं.

हे सुरू कधी झालं?

यावर एकमत नाही. काहींच्या मते जाणीव फक्त सस्तन प्राणी आणि पक्ष्यांतच आहे. इव्हा जाब्लोंका आणि सिमोना गिन्सबर्ग यांच्यासारखे अभ्यासक तिला खूप मागे नेतात, सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळापर्यंत, आणि मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. त्याआधीचे बहुतेक प्राणी समुद्रतळाला चिकटून किंवा तिथला सूक्ष्मजीवांचा थर चरत जगत. मग डोळे, पाय आणि जबडे आले आणि एकमेकांची शिकार सुरू झाली. पळायचं, लपायचं, पाठलाग करायचा, तर क्षणोक्षणी सौदे करावे लागणार. आपला आणि ऑक्टोपसचा शेवटचा सामाईक पूर्वज याच्याही आधीचा, एखाद्या साध्या किड्यासारखा. तरीही दोन्हीकडे मोठे मेंदू आणि झटपट शिकणं स्वतंत्रपणे आलं.

पण हालचाल तर लाजाळूही करते

करते. तिच्या पानांच्या बुंध्याशी फुगीर सांधे असतात. स्पर्श झाला की तिथल्या पेशींतून पाणी बाहेर पडतं आणि पान मिटतं. तिथे वेगवेगळ्या गरजांचा सौदा नाही आणि सगळ्या बातम्या एकत्र आणणारी जागाही नाही. याहून बुचकळ्यात टाकणारा आहे तो १९व्या शतकातला बेडकाचा प्रयोग. मेंदू काढून टाकलेल्या बेडकाच्या कातडीवर आम्लाचा थेंब टाकला तर तो पायाने अचूक पुसतो. म्हणून प्राणी हलला, झटकला, तडफडला, एवढ्याने वेदना सिद्ध होत नाही. याच कारणाने आजचे संशोधक अंग झटकण्यापेक्षा सौदा, आठवण आणि वेदनाशामकाने वागण्यात पडणारा फरक शोधतात. रॉबिन क्रूक यांच्या २०२१ च्या प्रयोगात ऑक्टोपसच्या हाताला आम्ल टोचल्यावर तो ज्या कप्प्यात ठेवला होता, तो कप्पा त्याने नंतर टाळला. जखम बधिर करणारं औषध ज्या कप्प्यात मिळालं, तो मात्र त्याने पसंत केला.

जाणीव म्हणजे नुसती इंजिनाची शिट्टी नाही कशावरून?

हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी १८७४ मध्ये बेलफास्टच्या भाषणात मांडलं की जाणीव ही वाफेच्या इंजिनाच्या शिट्टीसारखी आहे, इंजिनाबरोबर वाजते पण गाडी ओढत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी त्यावर दिलेलं उत्तर अजूनही खोडलं गेलेलं नाही, असं मला वाटतं. शिट्टीने काहीच फरक पडत नसेल, तर नैसर्गिक निवडीला ती दिसणारच नाही. मग भाजणं सुखद वाटलं असतं आणि तहानेला पाणी कडू लागलं असतं तरी काही बिघडलं नसतं. प्रत्यक्षात शरीराला घातक ते बहुतेक वेळा नकोसं आणि हितकारक ते हवंसं वाटतं. तंबाखू-साखरेसारखे अपवाद आहेत, पण असं एकवटलेलं निकोटीन किंवा किलोने मिळणारी साखर आपली आवडनिवड घडली त्या काळात नव्हती. हा मेळ योगायोगाने बसणार नाही. वाटण्यामुळे वागणं बदलत आलं, म्हणूनच तो बसला.

आणखी एक हरकत घेतली जाते. बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात मनगट हलवण्याआधी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली, आणि ‘आता हलवतो’ हे माणसाला त्यानंतर जाणवलं. मग जाणीव निर्णय घेतेच कुठे? पण तो निर्णय कसला होता? कधीही, काहीही कारण नसताना मनगट हलवा, एवढाच. तिथे तोलायला काही नव्हतं. मनगट हलवण्याचा क्षण जाणिवेचा नसेलही. काय हवंय आणि काय नकोय याची किंमत तिने आधीच ठरवून ठेवलेली असते.

नुसत्या माहितीवर किती चालतं, हेही तपासलं गेलं आहे. पक्षाघाताच्या दोन झटक्यांत मेंदूचा पाहण्याचा भाग दोन्हीकडे नष्ट झालेला एक रुग्ण २००८ मध्ये अडथळ्यांनी भरलेल्या बोळातून काठीशिवाय, कशालाही न धडकता चालत गेला. त्याला काहीच दिसत नव्हतं आणि आपण काही चुकवतोय हेही कळत नव्हतं. म्हणजे पाहण्याचं बरंच काम जाणिवेविना होतं. पण असे रुग्ण ती माहिती आपणहून वापरत नाहीत. ‘अंदाज करा’ म्हणून कोणी आग्रह धरावा लागतो. समोर पाण्याचा पेला असला तरी तहानलेला हात तिकडे जात नाही.

एवढं करूनही मोठा प्रश्न उरतो

हे सगळं काम अंधारात, काहीही न वाटता, एखाद्या यंत्राने का होऊ नये? याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स ‘कठीण प्रश्न’ म्हणतात. मेंदूतज्ज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये त्यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतल्या जाणिवेची नेमकी खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कॉख हरले आणि त्यांनी वाइनच्या बाटल्या दिल्या. प्रश्न तसाच आहे. पण ‘कशासाठी’ आणि ‘कसं’ हे प्रश्न वेगळे ठेवता येतात. माठ कशासाठी ठेवायचा हे घराघरात माहीत होतं. बाष्पीभवनाने पाणी का गार होतं, ते फार नंतर कळलं.

चॅटबॉटचं काय? त्याला माणसांच्या अफाट लिखाणावर घडवलेलं असतं, म्हणून ‘मला वाईट वाटलं’ हे त्याचं वाक्य पुरावा म्हणून कामाचं नाही. ते आपलंच आहे. माझ्या मते पाहायला हवं ते वेगळं: त्याला सांभाळायला शरीर आहे का, तुटवडा आहे का, हरवण्यासारखं काही आहे का. आज नाही. ब्रँड यांच्या हातमोज्याचा आवाज कितीही बोलका केला, तरी मोज्याला काही दुखलं नसतं.

याचा आपल्याशी काय संबंध?

चुकीच्या गृहीतकाची किंमत मोठी असते. १९८० च्या दशकापर्यंत प्रगत देशांतही नवजात बाळांवर अनेकदा पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत. बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध दिलं जाई. त्यामागचा एक युक्तिवाद असा की बाळाच्या नसांवर अजून आवरण चढलेलं नसतं, म्हणून त्याला दुखत नाही. लेखाच्या सुरुवातीचे संथ तंतू आठवा. मोठ्या माणसातही त्यांच्यावर हे आवरण नसतं, आणि सर्वांत असह्य आग तेच नेतात. भारतातून ऑक्सफर्डला गेलेले डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि ती नंतर सावरतातही अधिक चांगली. त्यानंतर पद्धत बदलत गेली.

अतिदक्षता विभागात हीच चूक आजही होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूला इजा झालेले आणि कुठल्याही सूचनेला प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण होते. ‘मूठ उघडतोय-मिटतोय अशी कल्पना करा’ यासारख्या सूचना देऊन त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा ६० जणांच्या मेंदूत त्या सूचनेला धरून प्रतिसाद उमटला. म्हणून अशा रुग्णाच्या उशाशी त्याच्या प्रकृतीबद्दल निराशेचं बोलू नये, ड्रेसिंगआधी वेदनाशामक द्यावं, आणि हात लावण्याआधी त्याला नावाने हाक मारून आता काय करणार आहोत ते सांगावं.

मग खेकडे. ब्रिटनमध्ये ३०० हून अधिक अभ्यास तपासून २०२१ मध्ये अहवाल आला आणि २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी, ऑक्टोपस यांना संवेदनशील प्राणी मानलं गेलं. स्वित्झर्लंडने बधिर न करता लॉबस्टर जिवंत उकळायला २०१८ पासून बंदी घातली. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी, अशी व्याख्या आहे. तरी कोकणात आणि मुंबईत चिंबोऱ्या जिवंतपणीच नांग्या मोडून किंवा थेट उकळत्या पाण्यात टाकून शिजवल्या जातात.

खेकड्याला आपल्यासारखा एकच मेंदू नसतो. दोन मुख्य चेतागाठी असतात, एक पुढे डोळ्यांच्या मधोमध आणि दुसरी पोटाखालच्या तिकोनी झाकणाखाली. त्यामुळे एकाच जागी सुरी घालून काम होत नाही, दोन्ही गाठी लागोपाठ मोडाव्या लागतात. त्याआधी खाऱ्या पाण्यात भरपूर बर्फ घालून खेकडा त्यात निदान वीस मिनिटं ठेवायचा. पाय ओढल्यावर तो आखडून घेत नाही आणि डोळ्याला काडी लावल्यावर डोळा आत ओढून घेत नाही, असं झालं की पुढचं काम काही सेकंदांत उरकायचं. बर्फाने खेकडा फक्त सुस्त होतो, मरत नाही, म्हणून तिथेच थांबून चालत नाही. आणि समुद्राचा खेकडा नळाच्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. त्याच्या शरीरातल्या क्षारांचा तोल ढळतो आणि मरायला फार वेळ लागतो.